मराठी मिस्सा फक्त म्हाताऱ्यांसाठी आहे का?

पोस्ट जरा लांबलीय. पण वसईकरांनो, ख्रिस्ती असा वा नसा, शेवटपर्यंत वाचा.

मध्यंतरी आमच्या गावात एका आजींचा अंत्यविधी झाला. बाई आयुष्यभर घरात कादोडी बोलल्या आणि देवळात मराठीत प्रार्थना केली. (हो, आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) त्यांची शेवटची मिस्सा मात्र इंग्रजीत झाली. कारण साधं होतं. बायबलची वाचनं नातवंडं करणार होती आणि त्यांना मराठी धड वाचता येत नव्हतं. एका नातवाने धीर करून मराठीत प्रार्थना म्हटली, तीही मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून आणलेली. आजींच्या बरोबरीच्या बायका पुढच्या बाकावर गप्प बसून होत्या. प्रतिसाद कधी द्यायचा, हेच त्यांना कळत नव्हतं. साठ-सत्तर वर्षं रोज मिस्सेला जाणाऱ्या बायका स्वतःच्याच देवळात पाहुण्या झाल्या होत्या.

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. आपल्याकडे हळूहळू असं समजलं जातंय की मराठी मिस्सा ही म्हाताऱ्यांची सोय आहे. ही पिढी गेली की तीही जाईल. मला हे साफ चुकीचं वाटतं, आणि ते भाषेच्या अभिमानापोटी वाटत नाही. चर्च म्हणजे काय, हेच आपण विसरलो तर असं होतं.

चर्च म्हटलं की लोकांना इमारत दिसते. उंच मनोरा, घंटा, क्रूस. पण मराठीत कॅथॉलिक लोक 'ख्रिस्तसभा' म्हणतात आणि प्रोटेस्टंट लोक 'मंडळी' म्हणतात. दोन्ही शब्द माणसांचे आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जमलेली सभा असाच आहे. इमारत कोसळली तरी चर्च राहतं, माणसं जमायची थांबली तर राहत नाही. आता सभा म्हटली की तिथे काय चाललंय ते सभेतल्या माणसाला कळायला नको का?

मिस्सेत नक्की काय होतं, हे ख्रिस्ती नसलेले मित्र नेहमी विचारतात. तिचे मुख्य भाग दोन. आधी बायबलमधली वाचनं आणि त्यावर धर्मगुरूंचं प्रवचन. मग येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आठवण. त्यात भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो. तो ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतो अशी कॅथॉलिक श्रद्धा आहे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात. म्हणजे जो माणूस तीन वर्षं नेमाने आला, त्याच्या कानावर बायबलचा बराच भाग पडतो. आणि या सगळ्यात लोक प्रेक्षक नसतात. धर्मगुरू एक वाक्य म्हणतात, लोक उत्तर देतात. बाळाच्या बाप्तिस्म्यालाही आईवडलांना आणि धर्ममातापित्यांना प्रश्न विचारले जातात: पापाचा त्याग करता का, देवावर श्रद्धा ठेवता का? त्यांनी स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं असतं. प्रश्न मनाला भिडलाच नाही, तर त्या 'होय'ला काय अर्थ?

हे आमच्या चर्चलाही उशिरा उमगलं. आमचे आजी-आजोबा तरुण होते तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून लॅटिन म्हणत, आणि मागे बायाबापड्या आपापली जपमाळ ओढत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. लोकांनी उपासनेत जाणीवपूर्वक भाग घ्यावा, असं त्याने ठरवलं आणि लोकभाषेला दार उघडलं. मराठी मिस्सा तिथून आली. तिला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, आणि आपण तिला निरोप द्यायला निघालोय.

पण मराठी आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचं नातं त्याहून फार जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात राहून मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. ओव्या सुमारे अकरा हजार! पुराण म्हणजे काय, ओवी म्हणजे काय, हे समजून घेऊन त्याने येशूची कथा सांगितली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात फर्मान काढून लोकांना त्यांची बोली सोडायला सांगितलं. धर्म तोच, पण एकाला लोकांची भाषा शिकावीशी वाटली आणि दुसऱ्याला ती मोडावीशी वाटली.

प्रोटेस्टंट मंडळींनीही तेच केलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजनं आणि अभंग लिहिले. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. अडाणी बाईलाही ते कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिलं. २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

एक गंमत बघा. 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं गेलं, कारण तेव्हा छपाईसाठी देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. आज चारशे वर्षांनी आपला नातू मराठी प्रार्थना रोमन लिपीत लिहून आणतो. आज प्रत्येक मोबाइलमध्ये देवनागरी आहे, फक्त त्याला ती येत नाही.

आता यावर काही जण म्हणतील, कॅथॉलिक म्हणजेच वैश्विक, मग भाषेचा हट्ट कशाला? वसईत आता केरळचे, तामिळनाडूचे, गोव्याचे, मंगळूरचे लोक आहेत. त्यांनी कुठे जायचं? अगदी बरोबर. त्यांच्यासाठी इंग्रजी, मल्याळी, तमिळ, कोकणी, ज्या भाषेत हवी त्या भाषेत मिस्सा व्हावी. माझा इंग्रजी मिस्सेला अजिबात विरोध नाही. पण पेन्टेकॉस्टची गोष्ट आठवा. पवित्र आत्मा आला तेव्हा यरुशलेममध्ये देशोदेशीचे लोक होते, आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. सगळ्यांना एकच भाषा शिकावी लागली नाही. चर्चची वैश्विकता ती हीच.

दुसरा मुद्दा मुलांच्या भवितव्याचा. इंग्रजी शाळेत घालायचं ते घाला, मीही घातलंय. पण शाळेचं माध्यम इंग्रजी म्हणून घरातली प्रार्थनाही इंग्रजी व्हायलाच हवी, असं कोणी सांगितलं? संध्याकाळचा रोझरी मराठीत म्हणायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पोराची मराठी तेवढ्यावरही टिकते. आणि आजीशी त्याचं नातं टिकतं, ते वेगळंच.

म्हणून आपल्या पॅरिशमध्ये तीन गोष्टी मागूया. एक, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना देवनागरीतून प्रार्थना वाचायला शिकवावं. दोन, महिन्यातून एकदा मराठी मिस्सेतली वाचनं आणि गायन तरुणांकडे द्यावं, आणि आधी आठवडाभर त्यांचा सराव घ्यावा. चुकलं तर कोणी हसू नये. तीन, अंत्यविधी गेलेल्या माणसाच्या भाषेत व्हावा. निदान एक वाचन आणि प्रभूची प्रार्थना तरी. याला पैसा लागत नाही, समितीही लागत नाही.

आणि ख्रिस्ती नसलेल्या मित्रांनो, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून पेढे वाटले. ती भाषा देवळात, दर्ग्यात, विहारात आणि चर्चमध्येही बोलली जाते म्हणून मोठी आहे. 'तुमचा धर्म परदेशी' असं कोणी म्हणालं, तर त्याला एकदा रविवारच्या मराठी मिस्सेला घेऊन या. मागच्या बाकावर जागा असते.

फक्त पुढच्या दहा वर्षांत या. नाहीतर तेव्हा तिथे मराठी ऐकू येईलच, याची खात्री मी आज देऊ शकत नाही.

पटलं तर आपल्या फादरांशी बोला. नाही पटलं तर खाली लिहा, भांडूया. पण मराठीत.