पदकाआधीचे कर्ज

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मी टीव्हीची साधी वायर घ्यायला गेलो होतो. दुकानदाराचे माझ्याकडे लक्षच नव्हते. समोरच्या पडद्यावर पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळे रायफल रोखून उभा होता. पदक नक्की झाले आणि त्या खुशीत दुकानदाराने वायरीचे पैसे घेतले नाहीत. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या वेळी याच गल्लीत, दुकानाबाहेरच्या गर्दीत टाचा उंचावून, मी पहिल्यांदा रंगीत खेळ पाहिले होते.

मग वर्तमानपत्रांत दोन बातम्या आल्या. राज्य सरकारने स्वप्नीलला एक कोटीचे बक्षीस जाहीर केले, ही एक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या त्याच्या शिक्षक वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढले होते, ही दुसरी. माझी हयात बँकेत गेली. नजर दुसरीवरच खिळली.

पूर्वी खेळ निर्मळ होता, पैशाने तो नासवला, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे नाही. ऑलिंपियात विजेत्याच्या डोक्यावर रानऑलिव्हच्या पानांचा मुकुट ठेवत, हे खरेच. पण तो घरी परतला की गावाची तिजोरी उघडे. अथेन्सच्या सोलनने ऑलिंपिक विजेत्याला ५०० द्राख्मा ठरवून दिल्याचे प्लुटार्क सांगतो. त्याच्याच हिशेबाने तेव्हा मेंढी एक द्राख्म्याला पडे. म्हणजे पाचशे मेंढ्या! रथाच्या शर्यतीत तर मुकुट सारथ्याला नव्हे, घोड्यांच्या मालकाला मिळे.

'पैसे घेणारा तो खेळाडू नव्हे' हे सोवळे १९ व्या शतकातल्या युरोपीय खानदानी मंडळींचे. त्यापायी जिम थॉर्पची १९१२ ची दोन सुवर्णपदके काढून घेतली गेली. गुन्हा काय, तर पूर्वी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला! पुढे सोवळे सुटले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकने वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक दाखवली, आणि पॅरिसला अॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने प्रत्येक सुवर्णविजेत्याला ५० हजार डॉलर दिले. पुन्हा मेंढ्याच म्हणायच्या.

आपल्याकडची खतावणी मात्र वेगळी. १९२० साली अँटवर्पला हिंदुस्थानचा संघ गेला, त्याची जुळवाजुळव पुण्यातल्या डेक्कन जिमखान्यातून झाली. अध्यक्ष दोराबजी टाटांनी पदरचे पैसे घातले. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला निघालेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना मात्र टाटा भेटले नाहीत. वर्गणी पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तारण प्राचार्यांचे, जोखीम प्राचार्यांची आणि पदक देशाचे! कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती ओसरल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले आणि त्या पैशातून घर सोडवून दिले.

तेव्हापासून काहीच बदलले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वप्नीलला राज्याची क्रीडा प्रबोधिनी मिळाली, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली, केंद्राच्या योजनेतून परदेशी स्पर्धांचा खर्च निघाला. पण ती योजना शिखराजवळ पोचलेल्यांसाठी आहे. पायथ्यापासून तिथपर्यंतची दहा-बारा वर्षे घरच्यांच्या खात्यावर पडतात, आणि त्या वाटेवर परतलेल्यांची नोंद कुणीच ठेवत नाही. माझ्या मते कोटीचे बक्षीस थोडे कमी करून तालुक्याच्या गावी गोळ्या, मॅट आणि दूध पुरवावे. अर्थात, त्याचा फोटो छापून येत नाही.

नोकरीत असताना एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आले होते. मुलीसाठी रायफल घ्यायची होती. आमच्या छापील अर्जात कर्जाची कारणे होती: लग्न, आजारपण, शिक्षण, घरदुरुस्ती. खेळ नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पेन उघडले आणि 'घरदुरुस्ती'पुढे खूण केली.