ऐतिहासिक कादंबरी आणि सावकाश उमलणारें प्रेम

कादंबरीवाचन विद्यार्थ्यांस हितकर कीं अपायकारक, हा वाद आपल्या घरोघरीं जुना आहे. त्यांतून कादंबरी प्रेमकथा असली, तर आईबाप ती मुलांच्या हातून काढून घेतात आणि मुलें ती पाठ्यपुस्तकाच्या आड दडवून वाचतात. ऐतिहासिक कादंबरीची गोष्ट मात्र निराळी. तिच्या वेष्टनावर किल्ला व घोडेस्वार पाहून वडील मंडळी संतुष्ट होतात, आणि हें इतिहासाच्या तासाचेंच एक शेपूट आहे असें समजून मुलें तिच्याकडे पाठ फिरवितात. आमच्या मतें ह्या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. आपल्या भाषेंतील कांहीं उत्तम प्रेमकथा ह्याच जाड पुस्तकांत दडलेल्या आहेत, आणि त्यांची खरी गोडी त्यांच्या संथपणांत आहे, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

मराठी कादंबरींतील प्रेम आरंभीं असें संथ नव्हतें. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली, आणि तिच्या पाठोपाठ अद्भुतरम्य कथांची एक लाटच आली. त्यांत संकटें अकस्मात् येत व अकस्मात् टळत. पुढें १८७१ सालीं रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी ‘विविधज्ञानविस्तार’ ह्या मासिकांतून येऊं लागली. तें मासिक आपल्या ह्या मुंबईंतच निघत असे. ज्यांच्या बालपणाचीं कांहीं वर्षें मुंबईंत गेलीं, त्या हरि नारायण आपटे यांनीं ‘करमणूक’ पत्रांतून ‘उषःकाल’ आठवड्यामागून आठवडा प्रसिद्ध केली. त्या काळच्या वाचकांस पुढील प्रकरणासाठीं सात दिवस थांबावें लागे. वाट पाहणें हा वाचनाच्या आनंदाचाच एक भाग होता.

मुंबईचेच दुसरे लेखक नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. त्यांचा जन्म १८८२ सालीं मुंबईंत झाला. सिंहगडावर शिकारीस गेले असतां कड्यावरून पडून त्यांचें कमरेखालचें अंग निकामी झालें. अंथरुणास खिळलेल्या ह्या पुरुषानें वाचनाचा आश्रय केला आणि पुढें स्वराज्यावरील कादंबऱ्यांची मोठी मालाच लिहिली. ज्याला स्वतः चार पावलें चालतां येत नव्हतें, त्यानें हजारों वाचकांस सह्याद्रीच्या वाटा तुडवावयास लाविल्या. धीर म्हणजे काय, हें अशा लेखकाकडून शिकावें.

आतां प्रेमाकडे वळूं. ऐतिहासिक कादंबरींत तें इतकें सावकाश कां उमलतें? ह्याचें कारण त्या काळाच्या रहाटींत आहे. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत, त्या बहुधा पावसाळ्याच्या तोंडीं माघारीं येत. वर्षाचे सात-आठ महिने पति डेऱ्यांत, तर पत्नी वाड्यांत. निरोप न्यावयाचा तो जासूदानें, आणि उत्तर येईल तेव्हां खरें. घरीं असतांही भोंवतीं वडील माणसांचा राबता; चार शब्द एकान्तीं बोलावयास सवड मिळेल तर शपथ. अशा स्थितींत प्रेम बोलून दाखवावयाचें नसतें, तें वागण्यांतून दिसावयाचें असतें. म्हणून अशा पुस्तकांत साधा विडा पुढें करणें किंवा जिन्यावरचीं पावलें ओळखणें ह्यालाही अर्थ येतो. वाचकानें घाई केली, तर नेमकें हेंच त्याच्या हातून निसटतें.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) हें ह्याचें उत्तम उदाहरण होय. पानिपतचा घाव ताजा असतां, १७६१ सालीं, माधवराव वयाच्या सोळाव्या वर्षीं पेशवे झाले. म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांएवढेच! एकीकडे निजाम व हैदर, दुसरीकडे खुद्द चुलते रघुनाथराव, तिजोरींत खडखडाट आणि पुढें अंगांत शिरलेला क्षय. ह्या सर्वांतून जो अल्प वेळ उरला, तेवढाच रमाबाईंच्या वांट्यास आला. अकरा वर्षांचा तो कारभार १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें संपला. शेवट काय होणार हें आपणांस इतिहासानें आधींच सांगून ठेविलें आहे, तरी आपण वाचीत राहतों. ‘पुढें काय होईल’ ही उत्सुकता गळून पडते, आणि ‘हीं माणसें हें कसें सोसतील’ ही चिंता तिची जागा घेते. आमच्या मतें ही दुसरी उत्सुकता अधिक थोर आहे. कारण तींत कुतूहलाबरोबर करुणाही असते.

ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ (१९७२) ह्या कादंबरींत हेंच प्रेम समाजाच्या भिंतीवर आदळतें. १७२९ सालीं बाजीराव छत्रसालाच्या साह्यास बुंदेलखंडांत गेले, आणि मस्तानी त्यांच्या जीवनांत आली. त्यानंतर अकरा वर्षांनीं, २८ एप्रिल १७४० रोजीं, नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें बाजीराव वारले. मस्तानीही त्याच वर्षीं गेली. रणांगणावर अजिंक्य असलेला पुरुष स्वतःच्या घरीं हतबल होतो, आणि त्याला अडविणारीं माणसें दुष्ट नसून त्याचीं जिवलग आप्तच असतात, हें समजावयास शेंकडों पानें लागतात. ह्याच कादंबरीच्या आधारें २०१५ सालीं एक हिंदी चित्रपट निघाला व तो आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. चित्रपटानें डोळे दिपतात. परंतु काशीबाईंचें मौन अथवा चिमाजी आप्पांची कोंडी मनांत मुरावयास अडीच-तीन तास पुरे पडत नाहींत.

ह्यावर पालक विचारतील, ‘प्रेमकथांनीं कोंवळ्या मनांवर भलता परिणाम होणार नाहीं काय?’ प्रश्न रास्त आहे. परंतु आज मुलांच्या डोळ्यांपुढें जें प्रेम अहोरात्र नाचत असतें, तें पहिल्या दृष्टिक्षेपांत जडतें आणि तिसऱ्या गाण्यांत तडीस जातें. त्याच्या तुलनेनें, कर्तव्य, अंतर, आजार व लोकापवाद ह्यांतून तावून निघणारें प्रेम मुलांनीं वाचणें अधिक निर्धोक नव्हे काय? प्रेम म्हणजे केवळ ओढ नसून त्यांत सोशिकताही आहे, हें ज्या पुस्तकांतून कळतें, तें लपवून वाचण्याची पाळी मुलांवर येऊं नये.

तथापि आमचा पक्ष मांडतांना एक इशारा दिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. ‘स्वामी’च्या अखेरीस रमाबाई सती जातात. तेथपर्यंत आलेल्या वाचकाचें मन इतकें द्रवलेलें असतें कीं, ती ज्वाळाही त्याला मंगल वाटूं लागते. नेमकें येथेंच पुस्तक क्षणभर मिटून विचार करावा. रमाबाईंचें प्रेम थोर होतें, ह्याविषयीं शंका नको. परंतु पतीमागें पत्नीनें देह जाळावा, असें मानणारी चाल थोर नव्हती. १८२९ सालीं बंगालमध्यें व त्यानंतरच्या वर्षीं मुंबई इलाख्यांत ती कायद्यानें बंद झाली, हें उचितच झालें. बाबा पदमनजी यांनीं १८५७ सालीं ‘यमुनापर्यटन’ लिहिलें, तें विधवांचे हाल समाजापुढें मांडण्यासाठींच. म्हणजे मराठी कादंबरीचा उगमच मुळीं स्त्रियांच्या दुःखाची विचारपूस करण्यांत आहे. तेव्हां डोळे ओले होऊं द्यावे, पण बुद्धि निजूं देऊं नये. आमच्या भगिनींनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. मस्तानीविषयीं कागदपत्रांत सांपडणारी माहिती थोडी आहे. तिचें हृद्गत लेखकानें कल्पनेनें भरून काढिलें आहे. म्हणून कादंबरी संपतांच गो. स. सरदेसाई यांची ‘रियासत’ उघडावी, आणि कोणतें खरें व कोणतें रचलेलें हें आपलें आपण ताडून पाहावें. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं जिंकलेला वसईचा किल्ला दादरहून आगगाडीनें सहज गांठतां येतो. ‘राऊ’ वाचून त्या तटावर उभें राहणाऱ्या मुलास तेथील दगड मुके वाटणार नाहींत.

गिरगांव, परळ, लालबाग येथील घरें लहान आहेत. परंतु वाचनास जागा फार लागत नाहीं. १८९८ सालीं स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे. येत्या सुटींत तेथून अथवा शाळेच्या कपाटांतून असें एक पुस्तक आणावें आणि रोज रात्रीं वीसच पानें वाचावीं. शक्य तर मोठ्यानें वाचावीं, म्हणजे आजीआजोबांसही ऐकतां येईल, आणि ‘खलिता’, ‘मुदपाकखाना’, ‘शागीर्दपेशा’ असे शब्द अडले तर अर्थ विचारावयास माणूस जवळच असेल. पहिलीं पन्नास पानें जड जातील, तेवढा धीर धरावा. जें हळूहळू मनांत शिरतें, तें सहसा लवकर निघून जात नाहीं. पुस्तकांविषयीं हें जितकें खरें आहे, तितकेंच माणसांविषयींही आहे.