ऐकणें म्हणजे काय?

‘अलीकडे आमचा मुलगा ऐकत नाहीं,’ ही तक्रार पालकांच्या तोंडून वारंवार कानीं येते. शिक्षकही आपल्या वर्गाविषयीं हेंच बोलतात. या वाक्यांतील ‘ऐकणें’ म्हणजे सांगितलेलें काम निमूटपणें करणें. आपल्या मराठींत या क्रियापदाचे दोन अर्थ रूढ आहेत: ध्वनि कानांवर पडणें हा एक, आणि आज्ञा पाळणें हा दुसरा. पहिल्यास कान पुरतात. दुसऱ्यास धाक पुरतो. परंतु या दोहोंहून निराळा असा ऐकण्याचा एक तिसरा प्रकार आहे. बोलणाराच्या मनांत काय आहे हें ओळखण्याकरितां आपलें मन त्याच्या शब्दांपाशीं थांबवून धरणें, हा तो प्रकार होय. यास श्रम पडतात, म्हणूनच तो विरळा आढळतो. भाषा येते ती याच ऐकण्यानें आणि घरांतील माणसें एकमेकांस धरून राहतात तींही याच ऐकण्यानें, असें आमचें मत आहे.

प्रथम भाषेचा विचार करूं. तान्हें मूल पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीं सुमारें एक वर्ष ऐकत असतें. किंबहुना जन्मापूर्वींच त्याचें श्रवण सुरू झालेलें असतें, आणि नवजात बालक आपल्या आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजांतून ओळखूं शकतें, असें शास्त्रज्ञांस प्रयोगांनीं आढळून आलें आहे. ‘कागद’ पुल्लिंगी, ‘वही’ स्त्रीलिंगी आणि ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी कां, याचें कारण त्या मुलास कोणीही सांगत नाहीं. तरी शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच तें हे शब्द बिनचूक वापरूं लागतें. व्याकरण आधीं कानांत बसतें, पुस्तकांत तें मागाहून भेटतें.

मोठेपणीं भाषा शिकतांनाही कानास रजा देतां येत नाहीं. ‘जग’ हीं दोन अक्षरें घ्या. ‘हें जग मोठें आहे’ यांतील ‘ज’ निराळा आणि ‘तूं सुखानें जग’ यांतील ‘ज’ निराळा. ‘चार गाई’ आणि ‘गाईंचा चारा’ यांतील ‘च’ मध्येंही असाच भेद आहे. लिपींत मात्र दोहोंस एकच अक्षर. भेद दाखविणारें चिन्ह नाहीं. परप्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्यानें मराठी पुस्तकें कितीही वाचलीं तरी हा भेद त्यास छापील पानावरून कळावयाचा नाहीं. तो मराठी माणसाजवळ बसूनच घ्यावा लागेल. इंग्रजी शिकतांना तीच अडचण आपल्या वाट्यास येते. बेटास त्या भाषेंत ‘आयलंड’ म्हणतात; तो शब्द लिहितांना त्यांत ‘एस’ हें अक्षर येतें, बोलतांना त्याचा मागमूसही नसतो. पश्चिम दिशा दाखविणारा ‘वेस्ट’ आणि अंगांत घालावयाचा ‘व्हेस्ट’ यांच्या आरंभींचे ध्वनि इंग्रजींत स्पष्टपणें भिन्न आहेत. आपल्या कानास ते प्रथम एकच वाटतात. जो विद्यार्थी शब्दांचे अर्थ पाठ करतो परंतु बोलणाराकडे कान देत नाहीं, त्याची भाषा त्याच्या डोळ्यांपुरतीच राहते.

फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. मराठीचें छापील व्याकरण अथवा कोश तेव्हां अस्तित्वांत नव्हता. तरीही त्यांनीं या भाषेंत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें आणि तें १६१६ सालीं छापून प्रसिद्ध झालें. येथील लोकांचें बोलणें आणि ओवीची चाल ज्यानें मन लावून ऐकिली नाहीं, त्याच्या हातून असा ग्रंथ होणें अशक्य होतें. आम्हांस शिकविण्यास आलेल्या या परकीय गृहस्थांस आधीं आमचे विद्यार्थी व्हावें लागलें.

दुसरें उदाहरण आपल्या घरचेंच आहे. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरांत व शेतांत काम करतां करतां त्या आपल्या बोलींत गाणीं रचीत. तीं त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनीं ऐकून उतरून ठेविलीं, म्हणूनच १९५२ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, तीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रापुढें आलीं. ‘आई कांहींतरी गुणगुणते आहे’ एवढें म्हणून घरच्यांनीं दुर्लक्ष केलें असतें, तर तें धन तिच्याबरोबरच नाहींसें झालें असतें. आपल्याही घरीं आजी आहे, मावशी आहे. त्यांच्या तोंडीं असलेले किती शब्द, किती म्हणी आपण ऐकून ठेविल्या आहेत, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतःस विचारावें.

येथें एका दुःखद गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. खेड्यांतून आलेला एखादा मुलगा वर्गांत ‘पाणी’ ऐवजीं ‘पानी’ म्हणाला कीं पुष्कळ ठिकाणीं इतर मुलें हसतात. हसणाऱ्यांनीं त्याचा ‘न’ ऐकला. त्यास तहान लागली आहे, हें कांहीं ऐकलें नाहीं. असा मुलगा हळूहळू वर्गांत बोलणेंच सोडून देतो, आणि मग त्यास कांहीं येत नाहीं असा शेरा आपण देऊन मोकळे होतों. ऐकतांना मनांत उपहास असेल तर तें ऐकणें न ऐकण्याहूनही वाईट होय.

यावर कोणी पालक म्हणतील, ‘मुलांचें ऐकत बसल्यास वडिलांचा मान कसा राहील?’ त्यांनीं पवित्र शास्त्रांतील एली याजकाची गोष्ट आठवावी. त्याच्यापाशीं सेवेस असलेल्या लहान शमुवेलास रात्रीं कोणी हांक मारिली. एलीनेंच बोलाविलें असें समजून तो धांवत गेला. एकदां नव्हे, तीनदां त्यानें त्या वृद्धास उठविलें. एली रागावला नाहीं. तिसऱ्या वेळीं, मुलास हांक मारणारा परमेश्वर आहे, हें त्यानें ओळखिलें आणि उत्तर कसें द्यावें हें त्यास शिकविलें. पुढची गोष्ट तर याहूनही मोठी आहे. मुलास मिळालेला संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. पुत्रांचे दुराचार त्यानें आवरले नाहींत, असा त्यांत दोष होता. सकाळीं मुलगा तो सांगावयास भ्याला, तेव्हां कांहींएक लपवूं नको, असें एलीनें त्यास बजाविलें आणि तें कटु वचन एका लहान मुलाच्या तोंडून शांतपणें ऐकून घेतलें. या ऐकण्यानें एलीचा मान कमी झाला, असें कोण म्हणेल? ज्या घरांत वाईट बातमी निर्भयपणें सांगतां येते, त्या घरांतील मूल संकटाच्या वेळीं परक्याकडे जात नाहीं.

हा गुण अभ्यासानें येतो. समोरच्याचें वाक्य पुरें होईपर्यंत आपलें उत्तर मनांत जुळवूं नये. वाद पडल्यास प्रथम ‘तुमचें म्हणणें असें ना?’ म्हणून त्याचेंच म्हणणें आपल्या शब्दांत सांगावें, व त्यानें ‘होय’ म्हटल्यावर आपलें बोलावें. शाळेंतील श्रुतलेखनास शुद्धलेखनाची केवळ परीक्षा न समजतां कानाची तालीम समजावें. घरीं जेवणाच्या वेळीं दूरचित्रवाणी बंद असावी आणि वडील व मुलें या सर्वांनींच आपापले भ्रमणध्वनि दूर ठेवावे. त्या अवधींत मुलानें शाळेची हकीकत सांगावी आणि वडिलांनीं उपदेशाची घाई न करतां ती शेवटपर्यंत ऐकावी.

विद्यार्थ्यांनीं ऐकावें ही पालकांची अपेक्षा रास्तच आहे. परंतु मूल बोलावयास जसें घरांत शिकतें, तसें ऐकावयासही घरांतच शिकतें. ज्याचें कोणी ऐकून घेतलें आहे, त्यासच दुसऱ्याचें ऐकून घेतां येतें.