वाफ्याची फळी आणि चुलीची राख

आपल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचून राहते, म्हणून परसातल्या भाजीसाठी गादीवाफे करणे शहाणपणाचेच. पण वाफ्याच्या कडेला कोणते लाकूड लावावे, याचा विचार व्हावा. वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेल्या फळ्या किंवा रेल्वेचे जुने स्लीपर वापरण्याचा मोह होतो. आमचे मत असे की, भाजीपाशी असे लाकूड नको.

लाकूड टिकवण्याचे एक नामांकित औषध आपल्याच देशातले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेशम यांनी १९३३ साली ते शोधले. त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक, म्हणजे सोमल, असतो. खांब टिकवायला ते उत्तम. परंतु सोमल पावसाबरोबर थोडा थोडा मातीत उतरतो. अमेरिकेतील कारखानदारांनी २००३ अखेर घरगुती वापरासाठी असे लाकूड करणे थांबवले. जुन्या स्लीपरांत क्रिओसोट नावाचे डांबरी तेल असते. तेही कर्करोगाला कारण होऊ शकते.

ज्यांनी अशा फळ्या लावल्या असतील त्यांनी घाबरू नये. सोमल बहुधा फळीलगतच्या मातीत राहतो. वांगी-टोमॅटोत तो फार थोडा जातो; मुळा, गाजर, पालक यांना चिकटलेल्या मातीतून मात्र पोटात जाऊ शकतो. तेव्हा फळ्या काढाव्यात आणि लगतची माती भाजीला वापरू नये.

खरा धोका यापुढेच आहे. काढलेली फळी सरपण म्हणून चुलीत जाते. सोमल जळून नाहीसा होत नाही. काही धुरातून घरात पसरतो, बाकीचा राखेत उरतो. चुलीपाशी माउली बसते, लेकरे खेळतात. त्याच राखेने भांडी घासतात, तीच मावा पडलेल्या भाजीवर टाकतात. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या खताच्या इंदूर पद्धतीतही पाला, शेण आणि गोमूत्राच्या मातीबरोबर लाकडाची राख लागते. जी राख जमिनीला बळ देते, तिच्यातूनच विष पेरले जाऊ नये.

वाफ्याला विटा, दगड किंवा बांबू लावा. साधे लाकूड चार पावसांत कुजेल खरे, पण कुजून मातीच होईल. औषधी फळी हवी तर बांधावरच्या कुंपणाला लावा, गुरांच्या तोंडापासून दूर. चुलीत मात्र कधीही नको.