दुसऱ्यांच्या मुलांचे शिक्षण

यंत्रविद्येचे व हस्तकौशल्याचे शिक्षण तरुणांस मिळाले पाहिजे, याविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात दुमत आढळणार नाही. कोणत्याही व्याख्यानमालेत हा विषय काढा, टाळ्या ठरलेल्याच. मात्र टाळ्या वाजविणाऱ्या गृहस्थास घरी जाताना एवढेच विचारावे की, ‘मग आपल्या चिरंजीवांस फिटरच्या वर्गात केव्हा घालता?’ तत्क्षणी त्याची मुद्रा पालटेल. हे शिक्षण देशास हवे, समाजास हवे, घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या मुलास तर अवश्य हवे. नको आहे ते फक्त आपल्या घरात. प्रस्तुत लेखाचा रोख या दुटप्पीपणावर आहे.

हा रोग आजचा नव्हे. गावगाड्यात लोहार-सुतारांच्या हाती हत्यार होते, पण पोथी नव्हती. पोथी ज्यांच्या हाती होती त्यांस हत्याराचा विटाळ होई. इंग्रजी अमदानीत हीच वाटणी नव्या नावांनी पुढे चालली. पुण्यास 1854 साली जी संस्था निघाली, तिच्या मूळ नावात अभियांत्रिकी वर्गाच्या जोडीस ‘यांत्रिक शाळा’ही होती. पुढे तिचे कॉलेज झाले व 2022 साली विद्यापीठ. ही वाढ अभिमानास्पद खरी. परंतु नावातून गळालेली ती यांत्रिक शाळा आमच्या मनातूनही गळाली. स्वातंत्र्यानंतर 1950 साली सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली. तिच्यातूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, उभ्या राहिल्या. 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदाही झाला. योजना झाली, कायदा झाला, इमारती झाल्या. आमची मुले तेवढी तेथे गेली नाहीत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे गुणगान मात्र आम्ही मोठ्या उत्साहाने करतो. मुंबईच्या तंत्रसंस्थेत यांत्रिक रेखाटन शिकविणारा हा मनुष्य नोकरी सोडून बेळगावास सायकलींच्या दुकानात रमला, त्याने लोखंडी नांगर घडविले आणि 1910 साली औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेलकट हातांचे हे कौतुक आम्हांस परवडते, कारण ते हात दुसऱ्याच्या घरचे आहेत.

दुसऱ्यांस नावे ठेवण्यापूर्वी स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास असताना लोखंडाचे दोन तुकडे घेऊन घरी आला. एकाच्या खाचेत दुसरा असा चपखल बसे की, सांध्यातून उजेडाची रेघ दिसू नये. कानशीचे ते काम पाहून मी हरखलो. दिवाणखान्यातील कपाटात ते मांडून आल्यागेल्यास दाखवू लागलो. वर्षभराने मुलाने हसत सांगितले की, तो ‘जॉब’ कॉलेजच्या वर्कशॉपमधील मदतनिसाने करून दिला होता. बहुतेक मुले तसेच करून घेत. मदतनीस आयटीआय झालेला होता. कसब त्याचे, गुण माझ्या मुलाचे. त्याचे नाव काय, असे मी विचारले. मुलास ते ठाऊक नव्हते. आणि याच मुलाने दहावीनंतर ‘मला टर्नर व्हावयाचे आहे’ असे म्हटले होते, तेव्हा ‘लोक काय म्हणतील?’ एवढे बोलून मी त्यास गप्प केले होते.

यावर आक्षेप येईल की, त्या मार्गात पगार तुटपुंजा, नोकरी कंत्राटी, संस्थांतील यंत्रे जुनाट. अशा ठिकाणी जाणूनबुजून मुलास कोणी का लोटावे? आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. पण तसे का आहे, याचा विचार करावा. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत घोळ झाला की वृत्तपत्रांचे रकाने भरतात, पालक न्यायालयात धावतात, कारण तेथे आमची मुले असतात. एखाद्या तालुक्याच्या आयटीआयमधील लेथ वर्षभर बंद पडला, तर त्याची ओरड कोण करणार? लेखणी ज्यांच्या हाती आहे त्यांचे मूल त्या लेथपाशी उभेच नसते. तेथील दैन्य दाखवून आम्ही मुले पाठवीत नाही आणि मुले पाठवीत नाही म्हणून ते दैन्य टिकते.

प्रत्येकाने कारागीर व्हावे, असे माझे म्हणणे नाही. शिवाय तिकडे गेल्याने पुढील विद्येचे दार बंद होते, ही समजूतही चुकीची आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. तो पुरा करणाऱ्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेता येतो आणि पदविकेवरून पदवीकडे जाता येते. अडसर आहे तो आमच्या उंबरठ्यावर. येत्या जूनमध्ये दहावीच्या निकालानंतर आपला मुलगा किंवा मुलगी म्हणेल की, ‘मला यंत्रावर काम शिकावयाचे आहे’, तर लोक काय म्हणतील याची चौकशी न करता तिच्याबरोबर त्या संस्थेच्या दारापर्यंत जावे. हे ज्याच्याने होणार नाही, त्याने निदान व्याख्यानात टाळ्या वाजवू नयेत.