तडे गेलेल्या भिंतींचा विमा

घराच्या भिंतीला तडा गेला की विम्याचे कागद काढून पाहावेत, असे कर्ज काढून सदनिका घेतलेल्या मध्यमवर्गीयास साहजिकच वाटते. बँकेने कर्ज देतानाच बहुधा घराचा विमा उतरवून घेतलेला असतो. परंतु १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांनी देऊ केलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी बारकाईने वाचली, तर भ्रमनिरास होतो. आग, भूकंप, पूर, वादळ, दंगल यांपासून तीत संरक्षण आहे. जमीन खचून नुकसान झाले तरी भरपाई आहे. मात्र त्याचे मूळ सदोष आराखड्यात, निकृष्ट कारागिरीत वा हलक्या साहित्यात असेल, तर नाही. निसर्गाच्या कोपाचा विमा मिळतो. बिल्डरच्या ‘काटकसरी’चा मिळत नाही.

मग दाद मागावयाची ती बिल्डरकडे. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यात दोषदुरुस्तीची मुदत तीन वर्षांची आहे. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ ने ती पाच वर्षांवर नेली. दोष नजरेस आणून दिल्यावर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती, न केल्यास भरपाई, असे हे कलम सांगते. कागदावर हे उत्तमच आहे. पण प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढण्याची रीत या धंद्यात रूढ झाली आहे. सदनिका विकल्या गेल्या, पैसा दुसरीकडे वळला, आणि गच्ची गळू लागेपर्यंत त्या कंपनीचे नावापुरते अस्तित्व उरले, तर प्राधिकरणाचा निकाल हाती घेऊन गृहनिर्माण संस्थेने वसुली करावी ती कोणाकडून? रिकाम्या तिजोरीवर मिळालेला हक्क हा हक्क खरा, पण त्यातून गिलावाही होत नाही.

शिवाय काँक्रीटचे रोग पाच वर्षांचे वेळापत्रक पाळत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्राममधील एका उत्तुंग इमारतीचा काही भाग कोसळून दोघींचा बळी गेला. दिल्लीच्या आय. आय. टी.च्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळले. त्याने आतल्या सळ्या झपाट्याने गंजल्या होत्या. महाडची ‘तारीक गार्डन’ ही इमारत ऑगस्ट २०२० मध्ये सोळा जणांना घेऊन पडली, तेव्हा तिचे वय जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरचे होते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखविले, ते सदनिकांना तंतोतंत लागू पडते. मालातील खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. सिमेंटचे प्रमाण गिलाव्याखाली झाकलेले. ग्राहक पाहतो तो फरशी आणि रंग. अशा बाजारात चांगले बांधणाऱ्यालाही चांगुलपणाची किंमत मिळत नाही.

फ्रान्सने यावर शोधलेला उपाय अभ्यासण्याजोगा आहे. बांधणाऱ्यावरील दहा वर्षांची जबाबदारी तेथे १८०४ च्या नागरी संहितेपासूनच आहे. १९७८ च्या कायद्याने तिला सक्तीच्या विम्याची जोड दिली, आणि तीही दुहेरी. एक विमा बांधणाऱ्याच्या जबाबदारीचा; दुसरा खुद्द इमारतीचा, जो काम सुरू होण्यापूर्वी घ्यावा लागतो आणि पुढे खरेदीदाराच्या उपयोगी पडतो. दावा येताच या दुसऱ्या विमा कंपनीने साठ दिवसांत आपली भूमिका सांगावयाची आणि दावा मान्य असल्यास नव्वद दिवसांत रक्कम देऊ करावयाची. दोष वास्तुशास्त्रज्ञाचा की कंत्राटदाराचा, हे भांडण कंपन्यांनी मागाहून आपापसांत मिटवावयाचे. तोवर छप्पर दुरुस्त झालेले असते.

अर्थात विम्याचे नाव घेतले की प्रश्न सुटला, असे नव्हे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात ही व्यवस्था होती. २००१ मध्ये एच. आय. एच. ही बलाढ्य विमा कंपनी कोसळली आणि सारेच डळमळले. बिल्डर मृत, बेपत्ता वा दिवाळखोर झाला तरच भरपाई, अशी कात्री २००२ मध्ये लागली. पुढे तीन मजल्यांहून उंच निवासी इमारती वगळल्या गेल्या. २०१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला सिडनीच्या नव्याकोऱ्या ‘ओपल टॉवर’ला तडे जाऊन रहिवाशांना घराबाहेर पडावे लागले, तेव्हा ज्या विम्याची खरी गरज होती तो अशा इमारतीला लागूच नव्हता.

भारतात तरतूद नाही असे नाही. ‘रेरा’च्या कलम १६ मध्ये जमिनीच्या हक्काचा आणि बांधकामाचा विमा उतरविण्याचे बंधन बिल्डरवर आहे, तो विमा सदनिकाधारकांच्या नावे वर्ग व्हावा असेही म्हटले आहे, फक्त त्याची किल्ली राज्य सरकारच्या अधिसूचनेत ठेवली आहे. विम्याचा हप्ता शेवटी घराच्या किमतीतच चढेल, हा आक्षेप खरा आहे. पण गळतीचा खर्च तरी आज कोण सोसतो? उलट, दहा वर्षांची जोखीम घेणारी कंपनी स्लॅब ओतण्यापूर्वी आपला अभियंता पाठवील, आणि वाईट बांधणाऱ्याचा हप्ता वाढवील. महापालिकेच्या निरीक्षकाकडून होत नाही ते काम स्वार्थापोटी होईल. प्रारंभी निदान पाया, खांब, तुळया आणि स्लॅब एवढ्यापुरता दहा वर्षांचा विमा सक्तीचा करावा, आणि त्याची पॉलिसी दाखविल्याविना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

तोपर्यंत गृहनिर्माण संस्थांच्या हाती आहे ते एवढेच, की ताबा मिळाल्याच्या तारखेपासून पाचवे वर्ष सरण्यापूर्वी स्वतंत्र अभियंत्याकडून इमारत तपासून घ्यावी आणि प्रत्येक दोषाची लेखी नोंद पोचपावतीसह बिल्डरला द्यावी. तोंडी आश्वासनावर गेलेले पावसाळे या मुदतीतून वजा होत नाहीत.