भीती जाईपर्यंत तारीख पुढे ढकलू नका

मॅमोग्राफीची तारीख मिळाली आहे, पण पाऊल उचलत नाही, अशा सर्व भगिनींना आणि त्यांच्या घरच्यांना हे आवाहन आहे. तारीख जवळ आली की नेमके कुणाचे तरी लग्न निघते, मुलांच्या परीक्षा येतात, पाळी आड येते. यांतले पाळीचे कारण तेवढे खरे मानावे. पाळीच्या आधी स्तन हुळहुळे असतात, म्हणून पाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख मागून घेणे शहाणपणाचे. बाकीच्या कारणांच्या आड बहुतेक वेळा भीती असते, आणि त्या भीतीवर आपण सगळे मिळून एकच औषध देतो: ‘घाबरू नकोस.’ त्याने आजवर कुणाची भीती गेली असेल असे वाटत नाही. मुळात ती आधी गेलीच पाहिजे, हा हट्ट कशाला? काळजी आणि तपासणी यांचा संबंध शोधणाऱ्या बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाची अधिक काळजी वाटणाऱ्या स्त्रिया तपासणीला कमी नव्हे, उलट जास्त येतात, असे त्यात दिसले. तेव्हा छातीत धडधडत असेल तर धडधडतच या. तेवढ्यासाठी तारीख रद्द करू नका.

धडधड निदान नेमकी कशाची आहे, ते मात्र वेगळे करून पाहावे. यंत्राची असेल तर तिथे घडते ते एवढेच: प्रत्येक स्तन दोन सपाट प्लेट्समध्ये काही सेकंद दाबून धरतात आणि सहसा दोन-दोन छायाचित्रे घेतात. काहींना दुखते, काहींना नुसते अवघडल्यासारखे होते. दुखल्यास तंत्रज्ञाला थांबायला सांगता येते. किरणांची मात्रा आपल्याला निसर्गातून काही आठवड्यांत मिळते तेवढी असते. लाजेची असेल तर तारीख घेतानाच स्त्री तंत्रज्ञ आहे का हे विचारा. साडी-ब्लाउज किंवा पंजाबी ड्रेस घाला, म्हणजे कमरेवरचेच कपडे काढावे लागतील. त्या दिवशी काखेत पावडर वा डिओडरंट नको, छायाचित्रात त्याचे ठिपके उमटतात. खरी धडकी भरते ती पुन्हा बोलावल्यावर. ब्रिटनमध्ये सरकारी तपासणीनंतर शंभरातल्या सुमारे चार जणींना पुन्हा बोलावतात आणि त्या चौघींतल्या साधारण एकीलाच कर्करोग निघतो. पहिल्याच वेळी तुलनेला जुनी छायाचित्रे नसतात, त्यामुळे असे बोलावणे अधिक वेळा येते. अहवालात ‘बायरॅड्स शून्य’ लिहिलेले असले तर त्याचा अर्थ ‘आणखी पाहायला हवे’ एवढाच होतो.

‘नसते दुखणे कशाला उकरून काढायचे?’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. गाठ असेल तर ती आपण विचारण्याची वाट पाहत नाही. २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा आणि ९८ हजारांवर स्त्रिया त्याने दगावल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण आजार पसरू लागल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. शिकलेल्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक वजनदार आहे: तपासणीमुळे कधीकधी निरुपद्रवी दोषही सापडतात, नको ते उपचार होतात. हे खरे आहे, आणि ते लपवून कुणाला तपासणीला आणू नये. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख स्त्रिया होत्या. त्यांच्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात तशी घट दिसली नाही. म्हणून तिशीतल्या, घरात कुणाला हा आजार नसलेल्या मुलीने एखाद्या ‘पॅकेज’मध्ये आहे म्हणून दरवर्षी मॅमोग्राफी करून घेण्याची गरज नाही. पन्नाशीच्या स्त्रीने मात्र टाळण्यात तोटाच आहे. शिवाय तपासणी म्हणजे यंत्रच असेही नाही. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांचे स्तन दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्रात हाताने तपासावेत, अशी राष्ट्रीय कार्यक्रमात तरतूद आहे. गावातल्या आशाताईंना विचारा. आणि हाताला गाठ लागत असेल, निपल आत ओढले गेले असेल वा त्यातून रक्त येत असेल, तर वय आणि तारीख दोन्ही विसरून याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

घरच्यांसाठी एवढेच. ‘तुला काही झालेले नाही’ असे म्हणू नका, ते तुम्हाला ठाऊक नाही. नणंद, जाऊ, मुलगी, नवरा, कुणीतरी सोबत जा. त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्याने करावा. केंद्रातून निघण्याआधी दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: अहवाल कोणत्या दिवशी मिळेल आणि तो समजावून कोण सांगेल. त्या दिवसापर्यंत मोबाइलवर शोधाशोध नको, आणि अहवाल आणायला तिला एकटीला पाठवू नका.